दुसऱ्या पसंतीचे मत

राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तुम्हांआम्हांला मत नाही. ते मत घटनेने खासदारांच्या आणि आमदारांच्या स्वाधीन केले आहे. परंतु मत नाही म्हणून मतेही नाहीत, असे मात्र कधी झाले नाही! १९६९ सालच्या पावसाळ्यात ज्यांना मतपत्रिका दुरूनही दिसणार नव्हती, अशी माणसे गिरी की रेड्डी या प्रश्नावरून चहाच्या दुकानात एकमेकांचे तोंड पाहीनाशी झाली होती. त्यांत आम्हीही होतो, आणि आमचा पक्ष ठरलेला होता. तो कशावरून ठरला, याची झाडाझडती आज इतक्या वर्षांनी स्वतःच घ्यावी, असे आम्हांला वाटते.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन पदावर असतानाच निवर्तले. जुलैत बंगळूर येथे काँग्रेस श्रेष्ठींनी इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. पाठोपाठ मोरारजी देसाईंचे अर्थखाते गेले, १९ जुलैला १४ बँका सरकारच्या झाल्या आणि उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर पंतप्रधानांची स्वतःची सही होती. त्याच पंतप्रधानांनी मतदानाच्या तोंडावर काँग्रेसच्या मतदारांना विवेकबुद्धीप्रमाणे मत देण्याची मोकळीक दिली.

आता सीमाभागातल्या मराठी माणसाने या झुंजीकडे कसे पाहावे? त्याने ज्या डोळ्यांनी पाहिले ते डोळे १९५६ साली घडलेले होते. रेड्डींच्या मागे कोण उभे होते? मोरारजी देसाई, ज्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात मुंबईत मराठी माणसांवर गोळ्या चालल्या. स. का. पाटील, ज्यांनी आपल्याच रक्ताच्या संयुक्त महाराष्ट्राला जन्मभर दात दाखविले. आणि या सर्वांचे अध्यक्ष कोण? एस. निजलिंगप्पा! महाजन आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच ठेवण्याची शिफारस केली, तेव्हा त्या राज्याचे मुख्यमंत्री असलेले गृहस्थ हेच. ही त्रिमूर्ती ज्याला आशीर्वाद देते तो पडलाच पाहिजे, यापलीकडे आम्हांला विचार करण्याची गरज भासली नाही. गिरी हेही १९६५ ते १९६७ म्हैसूरचेच राज्यपाल होते, ही गोष्ट आम्ही खुशाल विसरलो. शत्रूचा शत्रू सापडला की माणूस त्याची कुंडली पाहात बसत नाही.

त्या वेळी आम्ही अंतरात्म्याच्या हाकेचे गोडवे गायिलो. आज मात्र स्पष्ट म्हणावेसे वाटते की, ज्या अंतरात्म्याने बंगळूरहून परतल्यावर अर्जावर सही केली आणि ऑगस्टात कूस बदलली, त्याला हाक मारणारा कोणी बाहेरचा होता. सही करायची नव्हती तर तेव्हाच नाकारायची होती. दुसऱ्या बाजूचा शिस्तीचा गजरही तितकाच पोकळ होता. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षाचा आदेश बंधनकारक नसतो. मग शिस्त कसली? आणि शिस्तीचे हे पुरस्कर्ते काय करीत होते? निजलिंगप्पा स्वतः स्वतंत्र पक्षाच्या आणि जनसंघाच्या दारी जाऊन, तुमचा उमेदवार पडला तर दुसऱ्या पसंतीची मते तरी आमच्या पदरात टाका, असे विनवीत होते.

तो तिसरा उमेदवार कोण होता, हे सांगताना आमची मान खाली जाते. ते होते चिंतामणराव देशमुख.

रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, सहा वर्षे देशाचे अर्थमंत्री, कुलाब्याचे खासदार आणि मेघदूत मराठीत आणणारे संस्कृतज्ञ अशी त्यांची ओळख इतर प्रांतांना पुरेशी आहे. आमची ओळख वेगळी. १९५६ च्या जुलैत मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव पाहून ज्यांनी भारताचे अर्थमंत्रिपद भिरकावून दिले, ते हे चिंतामणराव. नुसता राजीनामा देऊन ते गप्प बसले नाहीत. मंत्रिमंडळाला न विचारता एवढा निर्णय कसा होतो, असा जाब त्यांनी लोकसभेत उभे राहून नेहरूंना विचारला, आणि गोळीबाराच्या चौकशीची मागणी केली. स्वतःची खुर्ची देऊन बजावलेला विवेक जर कोठे शोधायचाच होता, तर तो १३ वर्षांपूर्वीच आमच्या डोळ्यांसमोर घडला होता. तेरा वर्षांनी त्याच माणसाचे नाव मतपत्रिकेवर आले, तेव्हा आम्ही म्हणालो, ते तर भांडवलदारांचे उमेदवार!

हा आरोप किती विचारहीन होता? इंपीरियल बँकेची स्टेट बँक १९५५ मध्ये झाली ती देशमुख अर्थमंत्री असताना. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण १९५६ मध्ये झाले तेही त्यांच्याच हातून. परंतु १४ बँकांच्या ढोलताशात हे ऐकू कोणाला येणार? पाठिंबा स्वतंत्र पक्षाचा आणि जनसंघाचा, एवढ्यावर आम्ही माणूस मोडीत काढला. यशवंतराव चव्हाणांनी बंगळूरला रेड्डींच्या बाजूने कौल दिला आणि पुढे ते इंदिरा काँग्रेसमध्येच राहिले. या कोलांटीवर आम्ही हसलो, पण आमची कोलांटी आम्हांला दिसली नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार बाजूला सारून मराठी म्हणून त्यांना मते दिली. तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांत चिंतामणरावांची आठवण आम्हांला झाली असती, तर बरे झाले असते.

१६ ऑगस्टला मतदान झाले, २० ला मोजणी. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. कोणालाच निम्म्याहून अधिक नाहीत. मग मागे पडलेल्या उमेदवारांची मते फोडण्यात आली आणि अखेर गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. फरक १४,६५० चा. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. म्हणजे तेरा खासदार इकडचे तिकडे झाले असते, तर राष्ट्रपती दुसरा होता. निजलिंगप्पांची विनवणी वाया गेली नव्हती. फुटलेल्या मतांपैकी ९१,८७९ रेड्डींकडे गेली, गिरींच्या वाट्याला अवघी १८,५६२ आली. निवडणुकीत रेड्डींच्या खासगी चारित्र्यावर चिखल उडविणारे एक निनावी पत्रक खासदारांत फिरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, खुद्द राष्ट्रपती गिरी साक्षीला आले आणि १९७० मध्ये अर्ज फेटाळला गेला. ते पत्रक वाचून आम्हीही गालातल्या गालात हसलो होतो, हेही येथे नोंदवून ठेवतो. पुढे १९७७ मध्ये तेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले.

वाचक विचारतील, मग आज तुम्ही कोणाला मत दिले असते? देशमुखांना मत देणे म्हणजे दुसऱ्या पसंतीने निजलिंगप्पांचे हात बळकट करणे, हीच तेव्हाची आमची पळवाट होती. परंतु दुसरी पसंती लिहिलीच पाहिजे, अशी सक्ती त्या मतपत्रिकेवर नसते. देशमुखांच्या नावापुढे एकचा आकडा घालून आम्ही बाकीची जागा कोरी सोडली असती. त्याचा फायदा गिरींना झाला असता, हे आम्हांला ठाऊक आहे. चिंतामणराव १९८२ साली हैदराबादेत वारले. त्यांना एवढे एक मत तरी आमच्याकडून येणे होते.