साडेपाच वर्षं महापौराविना

४ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कच्या मतदारांनी महापौर निवडला. मुंबईच्या रस्त्यांवर ‘सलाम बॉम्बे’ चित्रित करणाऱ्या मीरा नायर यांचे चिरंजीव झोहरान ममदानी रिंगणात होते, म्हणून आपल्याकडेही त्या लढतीची चर्चा होती. त्याआधी जूनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांनी माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना हरवलं. तेव्हाचे महापौर एरिक अ‍ॅडम्स यांनी सप्टेंबरअखेर माघार घेतली. घरभाडं गोठवावं का, बस मोफत असावी का, यावर तिथे कडाक्याचा वाद झाला. जो निवडून आला त्याला लोक चार वर्षं जाब विचारतील.

नवी मुंबईकरांना तेव्हा जाब विचारायला माणूसच नव्हता.

२०१५ साली निवडलेल्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली. जयवंत सुतार हे शेवटचे महापौर. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. निवडणूक लांबत गेली आणि आयुक्तच प्रशासक झाले. २०२५-२६ चा ५,७०० कोटींहून मोठा अर्थसंकल्प प्रशासकांनीच मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला. १९९५ च्या पहिल्या निवडणुकीनंतर संजीव नाईक ऐन विशीत महापौर झाले, तेव्हा त्याचं केवढं अप्रूप होतं! २०२५ मध्ये पंचविशीत असलेल्या नवी मुंबईकराच्या बोटाला मात्र तोवर पालिकेच्या मतदानाची शाई एकदाही लागलेली नव्हती.

नवी मुंबईतल्या महाप्यात याची झळ लवकर कळली. गावठाण पालिकेच्या हद्दीत, भोवतालचे कारखान्यांचे भूखंड एमआयडीसीचे, रेल्वेमार्गाकडच्या वसाहती सिडकोने वसवलेल्या. कारखान्यांना पाणी बारवी धरणाचं, वसाहतींना मोरब्याचं. पावसाळ्यात रस्ता उखडला किंवा नाला तुंबला, की ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर ठरलेलं. पूर्वी निदान नगरसेवकाच्या दारात जाता येई. तो सोबत विभाग कार्यालयात येई, अभियंत्याला फोन लावी, फारच झालं तर सभागृहात प्रश्न मांडी. प्रशासकांच्या काळात अर्ज द्यायचा, पोच घ्यायची आणि घरी परतायचं, एवढंच उरलं.

शिळफाट्याकडच्या चौदा गावांचं उदाहरण तर अगदी शेजारचं. ग्रामस्थांच्या आंदोलनानंतर २००७ मध्ये ती पालिकेतून वगळली गेली. पुढे सोयीसुविधांवाचून हाल होऊ लागले, तेव्हा तिथल्याच लोकांनी परत येण्याची मागणी केली आणि २०२४ मध्ये सरकारने ती पुन्हा नवी मुंबईत घातली. त्यांना पालिका हवीच, यात वाद नाही. पण त्यांच्या पाण्याचा आणि रस्त्यांचा भार कुणी उचलायचा, यावर पालिकेत चर्चा करायला एकही लोकप्रतिनिधी नव्हता.

महापौर आला म्हणून सगळं सुरळीत होईल, असं नाही. आपल्या कायद्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये इथल्या सभागृहाने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर प्रचंड बहुमताने अविश्वास ठराव आणला, विरोधात फक्त भाजपचे नगरसेवक होते. तरीही राज्य सरकारने मुंढेंना मार्च २०१७ पर्यंत आयुक्तपदी ठेवलं. मुंढे बरोबर की नगरसेवक, यावर शहरात आजही दोन तट आहेत. मात्र तो वाद भर सभागृहात झाला, कोण कुठल्या बाजूला आहे ते शहराने पाहिलं. तेवढंही महापौराविना गेलेल्या साडेपाच वर्षांत घडलं नाही.

अखेर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीसाठी ३१ जानेवारी २०२६ ची मुदत घालून दिली. १११ जागांसाठी २८ प्रभाग पाडले गेले. एक प्रभाग तिघांचा, बाकीचे चौघांचे. महापौर मात्र नगरसेवकच निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा, मग लाखोंच्या शहराचा महापौर का नाही? हा प्रश्न आमदारांना आताच विचारायला हवा. एका प्रभागात चार नगरसेवक, तर तुंबलेल्या नाल्यासाठी नेमकं कुणाला धरायचं, हेही ठरवून घ्यायला हवं. नगरसेवक गल्लीत येतील तेव्हा प्रत्येकाकडून महाप्याने तीन उत्तरं घ्यावीत: एमआयडीसीतल्या रस्त्यांची जबाबदारी कुणाची, चौदा गावांना पाणी कुठून देणार, आणि प्रशासकांच्या काळातल्या खर्चाचा हिशेब सर्वसाधारण सभेत मागणार की नाही.