वायदाच बंद, मग ‘रास्त मूल्य’ ठरवायचे कशावरून?

शिरूर अनंतपाळच्या शिवारात खरिपाचा भरवसा सोयाबीनवर. त्याच्या वायदा व्यवहारांना ‘सेबी’ने २० डिसेंबर २०२१ रोजी स्थगिती दिली आणि तिची मुदत वारंवार वाढवली. याचा संबंध कंपन्यांच्या हिशेबाशीही आहे.

वायदा म्हणजे डेरिव्हेटिव्ह. भारतीय लेखा मानक १०९ लागू असलेल्या कंपनीला तो ताळेबंदाच्या तारखेच्या रास्त मूल्याने दाखवावा लागतो. समजा, १०० क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपये दराने विकण्याचा वायदा केला आणि ३१ मार्चला त्याच वायद्याचा भाव ४,३०० झाला, तर २०,००० रुपयांचा नफा नोंदवायचा.

मूल्य मोजण्याचे तीन स्तर मानक ११३ सांगते : सक्रिय बाजारातील त्याच कराराचा भाव; मिळत्याजुळत्या करारांचे भाव किंवा बाजारातून दिसणारी इतर माहिती; आणि शेवटी कंपनीचे स्वतःचे अंदाज.

बाजार बंद झाला की पहिला स्तरच जातो. खासगी करारांचे मूल्य मग हजर भाव आणि अंदाजांवर काढावे लागते. अंदाज वाढला की हिशेब तपासणे अवघड होते. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही पेरणीवेळी काढणीचा भाव दिसत नाही. सट्ट्याला आळा हवाच. पण त्यासाठी मार्जिन आणि व्यवहारमर्यादा आहेत. भाव झाकल्याने महागाई झाकली जात नाही.