माळ्यावरचा स्पेक्ट्रम भंगारात घालू नका

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये सिंक्लेअरच्या परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. घरचा टीव्ही आणि टेपरेकॉर्डर जोडला की चालणारा हा संगणक. आज यवतमाळ, पुसद किंवा वणीत कुणाच्या माळ्यावरून असा संच उतरला, तर तो भंगाराच्या गाड्यावर न जाता आपल्या टेबलावर आला पाहिजे. नव्या मुलांना शिकवायला याहून चांगला बोर्ड मिळणं कठीण.

या बोर्डावर लपलेलं असं फार थोडं आहे. ३.५ मेगाहर्ट्‌झचा झेड८०ए प्रोसेसर, १६ केबी रॉम, ४८ केबी रॅम आणि चित्र, कीबोर्ड, कॅसेट सांभाळणारी यूएलए चिप. पहिली १६ केबी रॅम ४११६ जातीच्या आठ चिपांत असते आणि पडद्यावरचं चित्रही तिथूनच वाचलं जातं. प्रत्येक चिपकडे बाइटमधला एकेक बिट. त्यामुळे एखादी चिप गेली की पडद्यावर दर आठ ठिपक्यांनी उभी रेघ उमटते. ही रेघ आठांतली कितवी ते मोजा, सदोष चिप हाती लागते. मेमरी म्हणजे काय, हे मुलांना इथे डोळ्यांनी दिसतं.

मात्र संच हाती येताच वीज देऊ नका. याला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि प्लगच्या मधल्या टोकाला ऋण असतो. हल्लीचे बरेच अडॅप्टर याच्या उलट असतात. आपल्याकडचे उन्हाळे माळ्यावर काढलेल्या संचात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले आणि कीबोर्डच्या मेम्ब्रेनच्या पट्ट्या कडक झालेल्या असतात. आधी कपॅसिटर बदला. मग ४११६ च्या पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२ आणि पिन ९ वर अधिक ५ व्होल्ट येतात का पाहा. उणे ५ नसतील तर लगेच वीज काढा, नाहीतर चिपा जातील. अशा वेळी टीआर४ ट्रान्झिस्टर आणि त्याचा डीसी-डीसी कन्व्हर्टर आधी तपासा.

जिल्ह्यातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी, तसंच १९८३ पासून पुसदला असलेल्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयानेही एकेक चालता संच प्रयोगशाळेत ठेवावा. दुरुस्ती करणाऱ्याने मोजलेले व्होल्टेज, बदललेले भाग आणि सापडलेला दोष मराठीत वहीत लिहून ती संचासोबत द्यावी. म्हणजे पुढच्या कारागिराला पहिल्यापासून शोधाशोध करावी लागणार नाही.