उन्हाची प्रतवारी आणि आपला भाडेकरार



उपकेंद्राच्या आसपास ज्यांचं रान आहे त्यांच्याकडे सध्या सोलरवाल्यांच्या चकरा वाढल्यात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं, वर ३ टक्के वाढ, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. हलक्या, पडीक रानाला हे पैसे वाईट नाहीत. मी विरोधात नाही. पण आपण भाडं हेक्टरवर घेतो आणि समोरचा वीज युनिटवर विकतो. एका हेक्टरवरच्या उन्हातून किती वीज निघते हा आकडा पुढची २५ वर्षं आजच्याइतकाच राहणार नाही. म्हणून सही करायच्या आधी पॅनल किती ऊन वापरतं आणि किती वाया घालवतं, हे समजून घ्या.

आजचं चांगलं पॅनल २१-२२ टक्के ऊन विजेत बदलतं. बाकीचं कुठं जातं? मार्केट यार्डातला कांदा डोळ्यांसमोर आणा. ऊन म्हणजे एकसारखा माल नाही, त्यात सगळ्या साईजचे कांदे असतात. निळा-जांभळा प्रकाश म्हणजे मोठा कांदा, त्यात ऊर्जा जास्त. लाल त्याहून लहान. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड म्हणजे गोल्टी.

आता असा एकच व्यापारी आहे असं धरा, जो गोल्टीला हातच लावत नाही आणि मोठ्या कांद्यालाही मध्यम मालाचाच भाव देतो. सिलिकॉन हा असा व्यापारी आहे. साधारण ११०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश त्याच्या उपयोगाचा नाही. उन्हातल्या ऊर्जेचा जवळपास पाचवा हिस्सा तिथंच गेला. निळ्या प्रकाशातली जास्तीची ऊर्जा तो घेतो, पण तिची वीज होत नाही, उष्णता होते. यात जवळजवळ एक तृतीयांश जातो. वर ही उष्णता पॅनललाच नडते. २५ अंशांच्या वर पॅनल जितकं तापेल तितकं दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्यात पॅनल ६० अंशांवर गेलं की १०-१४ टक्क्यांचा फटका ठरलेला.

हा कारखान्याचा दोष नाही, निसर्गाचा हिशोब आहे. शॉकली आणि क्वाइसर या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ सालीच मांडून ठेवलंय की एका थराच्या सेलला साधारण ३३ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. सिलिकॉनची मर्यादा तर २९ टक्क्यांच्या आसपासच आहे.

उपाय आपल्याला माहीत असलेलाच आहे: प्रतवारी करा आणि दोन व्यापारी बसवा. वर पेरोव्हस्काईट नावाच्या पदार्थाचा पातळ थर, तो मोठा माल चांगल्या भावाने घेतो. उरलेला लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश त्याच्यातून खाली सिलिकॉनवर उतरतो. याला टँडेम सेल म्हणतात. चीनच्या लोंगी कंपनीने २०२५ मध्ये असा सेल ३४.८५ टक्क्यांवर नेला. पण तो प्रयोगशाळेतला, छोटासा. बाजारात यायला सुरुवात आत्ता कुठे झालीय: ऑक्सफर्ड पीव्हीने २०२४ मध्ये २४.५ टक्क्यांची पॅनल अमेरिकेतल्या ग्राहकाला पाठवली. पेरोव्हस्काईटला ओल आणि उष्णता सोसत नाही, ही मोठी अडचण अजून बाकी आहे.

त्यामुळे आज कोणी "४० टक्केवालं नवीन पॅनल" म्हणून पंपासाठी गळ्यात मारत असेल तर भुलू नका. लेबलवरचे वॅट भागिले पॅनलचे चौरस मीटर, त्याला परत १० ने भागा, टक्केवारी निघते. ५५० वॅटचं पॅनल साधारण २.५८ चौरस मीटर असतं, म्हणजे २१ टक्के. पंपासाठी थांबूनही राहू नका. आजचं सिलिकॉन चांगलं चालतंय, काच पुसत राहा म्हणजे झालं.

जमिनीचा हिशोब मात्र वेगळा. आज १ मेगावॅटला साधारण ४ एकर लागतात. पॅनल ३० टक्क्यांचं झालं तर तेवढंच काम पावणेतीन-तीन एकरात होईल. म्हणजे एकतर एक एकर मोकळा होईल, नाहीतर त्याच ४ एकरात जवळपास दीडपट वीज निघेल. तो एकर कोणाचा? ती जास्तीची वीज कोणाच्या खिशात? करारात काही लिहिलं नसेल तर उत्तर सरळ आहे: आपल्या नाही.

काही जण म्हणतील, पॅनल २५ वर्षं चालतं, मधेच कोण बदलणार? आमच्या साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघा. जुन्या, लहान पवनचक्क्या काढून त्याच जागी मोठ्या बसवण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्येच धोरण आणलं. पवनचक्कीबाबत जे झालं ते सोलरला होणार नाही, याची हमी कोण देणार?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पैसा कंपनीचा, जोखीम कंपनीची, आपल्याला ढग असो की धूळ, भाडं ठरलेलं. मान्य. म्हणून मी आजच्या विजेत वाटा मागा असं म्हणत नाही. तीन गोष्टी लिहून घ्या म्हणतो.

१. सुरुवातीला किती मेगावॅट बसवणार तो आकडा करारात हवा. त्याच्या वर क्षमता वाढवली तर भाडं नव्याने ठरेल.

२. तेवढ्याच क्षमतेला कमी जागा लागली तर मोकळी झालेली जमीन परत, कसण्याजोगी करून.

३. मुदत संपली की पॅनल, काँक्रीटचे पाये, केबल सगळं उचलून नेणं त्यांच्या खर्चाने. पेरोव्हस्काईटमध्ये बहुतेक वेळा शिसं असतं, त्यामुळे फुटकी पॅनल बांधाला पडून राहायला नकोत.

एकेकट्याने मागितलं तर "फॉरमॅट ठरलेला आहे" असं उत्तर मिळेल. एका उपकेंद्राभोवतीचे दहा-बारा जण मिळून बसलात तर ऐकावं लागेल, कारण त्यांना जागा उपकेंद्राजवळचीच लागते.

कोणाच्या करारात असं कलम आधीच घातलं असेल तर नाव आणि गट नंबर झाकून फोटो पाठवा. बाकीच्यांच्या कामी येईल.