स्वल्पविराम म्हणजे दम खायची जागा नव्हे

शाळेत आपल्याला स्वल्पविराम शिकवला तो श्वासाच्या हिशोबाने. पूर्णविराम आला की चांगलं थांबा, स्वल्पविराम आला की थोडंसं. नावातच 'विराम' आहे, मग मास्तर तरी काय करणार! मराठीपुरतं हे बऱ्यापैकी चालून जातं. पण तोच नियम घेऊन आपण ऑफिसात इंग्रजी डॉक्युमेंट्स वाचायला बसतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की तिथे तो धोकादायक आहे.

आमच्या एका जर्मन क्लायंटने पाठवलेलं हे वाक्य बघा: 'मॅनेजर्स, हू हॅव अप्रूव्हल राइट्स, कॅन चेंज द रेट्स.' श्वासाच्या नियमाने ते दोन स्वल्पविराम म्हणजे नुसती दम खायची जागा. पण इंग्रजीत ते कंसासारखे असतात, मधला मजकूर ही जाता जाता दिलेली माहिती. म्हणजे सगळ्याच मॅनेजर्सना मंजुरीचे अधिकार आहेत आणि सगळेच दर बदलू शकतात. आता दोन्ही स्वल्पविराम काढून वाचा. ज्यांना अधिकार आहेत तेवढेच उरले! कोणाच्या स्क्रीनवर दर बदलायचं बटण दिसणार, हे त्या दोन शेपट्यांवर ठरतं राव.

टीममधल्या एका मुलीने कोड लिहायच्या आधीच कॉलवर विचारलं, "सगळे की काही?" उत्तर आलं, अर्थातच काही. मग ते स्वल्पविराम कशाला? तर जर्मनमध्ये अशा उपवाक्याला स्वल्पविराम व्याकरणानेच द्यावा लागतो. सगळे असोत की काही, तो असतोच, त्यावरून अर्थ कळत नाही. रशियन आणि पोलिशमध्येही तीच तऱ्हा. थोडक्यात, लिहिणाऱ्याने इंग्रजी शब्दांत जर्मन स्वल्पविराम घातला होता आणि आम्ही तो मराठी श्वासाने वाचत होतो. आणि इंग्रजी दोघांनाही येतं म्हणे :-)

मराठीत हे काम आपण खुणेकडे न देता शब्दांकडे देतो. 'ज्या मॅनेजर्सना अधिकार आहेत तेच दर बदलू शकतील.' यातला 'च' कोणी गिळला तरी 'ज्या' आणि 'ते' शिल्लक राहतात. मोडीत तर शब्दसुद्धा न तोडता सलग लिहायचे, विरामचिन्हं दूरच राहिली, आणि तरी अख्ख्या पेशवाईचा हिशोब चालला. मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या मेजर थॉमस कँडी या इंग्रजाला दिलं जातं. अर्थात फार फुशारकी नको. 'मंजुरीचे अधिकार असलेले मॅनेजर दर बदलू शकतात' असं लिहिलं की मराठीतही सगळे की काही ते कळत नाही, आणि सरकारी मराठीला हे 'असलेले' भारीच प्रिय!

कोणाला हा शब्दांचा कीस वाटत असेल तर अमेरिकेतल्या मेन राज्यातली केस बघा. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम लागू नसलेल्या कामांची यादी होती. तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असं होतं आणि 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, इथे फक्त पॅकिंग वगळलंय, मग ते रवानगीसाठी असो की वाटपासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो, तेव्हा ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने वाक्य संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला. २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान राज्याने कायदा दुरुस्त केला, पण तो एक स्वल्पविराम घालून नाही. त्यांनी यादीतल्या प्रत्येक कामानंतर अर्धविराम ठोकला!