शॉकमधली हवा

डोंगरउतारावर सायकल पिटाळणारा मुलगा घरात असला, की आईच्या पोटात गोळा येतोच. पण नुसतं ‘जपून जा हं’ म्हणून भागत नाही. मागच्या शॉकमधली हवाही पाहायला हवी, बरं का!

काही शॉकमध्ये पोलादी स्प्रिंग असते. वजन वाढलं, की तीच बदलावी लागते. हवेच्या शॉकमध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगचं काम करते आणि आतलं तेल तिची उसळी आवरतं. वाढत्या अंगाच्या मुलाला हाच सोयीचा. मात्र मुलगा अंगानं भरला, की हवाही वाढवावी.

शॉकच्या दांड्यावर रबराचं बारीक कडं असतं. ते शॉकच्या तोंडाशी सरकवून ठेवा. आपण सायकल धरावी, मुलाला हेल्मेटसकट पेडलांवर उभं करावं, आणि तो अलगद उतरला की कडं किती सरकलं ते पट्टीनं मोजावं. दांडा ६० मिलिमीटर दबणारा असेल, तर १८ च्या आसपास ठीक. फार दबला, तर खड्ड्यात शॉक तळाला आपटतो. अगदीच कमी दबला, तर चाक उड्या मारतं आणि ऐन वळणावर पकड सोडतं.

टायरचा पंप इथे चालत नाही. शॉकमध्ये दर चौरस इंचाला शे-दोनशे पौंड दाब असतो. त्याचा छोटा हातपंप वेगळा मिळतो. तो जोडताच काटा थोडा खाली दिसतो. हवा नळीत गेलेली असते, गळती नव्हे!

हवा भरलेला शॉक घरी खोलू मात्र देऊ नका. वाफ कोंडलेल्या कुकरचं झाकण ओढण्यातलाच प्रकार तो. दांड्यावर तेल ओघळलेलं दिसलं, तर सायकल सरळ जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावी.