वाट पायांची, गौरव चाकांचा

साबरमती ते दांडी हा मार्ग केंद्र सरकारने 2005 साली ‘वारसा मार्ग’ ठरविला आणि त्यास राष्ट्रीय महामार्गाचा 228 हा क्रमांक दिला. आज तो 64 आहे. सुरतेवरून जाणाऱ्या ह्या मार्गाचे आपणही कौतुक केले. माझा आक्षेप त्या कौतुकालाच आहे.

12 मार्च 1930 रोजी 78 सहकाऱ्यांसह निघालेले गांधीजी सुमारे 385 किलोमीटर चालून 5 एप्रिलला दांडीस पोहोचले. वाटेत, 29 मार्चला, सुरत जिल्ह्यातील भाटगाम येथे त्यांनी स्वतःच्याच मंडळींना भर सभेत फटकारले. सुरतेहून मोटारलॉरीने दूध आणविले गेले होते आणि रात्री एक मजूर डोक्यावर जड दिवा घेऊन यात्रेबरोबर धावत होता. ज्यांना दुधाची मोटारही खपली नाही, त्यांचे स्मारक म्हणून आपण मोटारींचा महामार्ग मिरवावा?

मोटारीने का होईना, लोक दांडीला पोहोचतात, असे कोणी म्हणेल. परंतु केवळ पोहोचायचेच असते, तर गांधीजी आगगाडीने एका दिवसात सुरतेस आले असते. गावोगाव थांबत, बोलत, चालत जाणे हाच तो सत्याग्रह होता.

महामार्ग अवश्य असावा; व्यापारास तो हवाच. मात्र ‘वारसा’ हे नाव सावलीच्या, सलग पायवाटेसच शोभते. सरकारने आधी ती राखावी.